तोंडी परीक्षेचे वीस गुण

बाबूभाई मनियारांच्या दुकानाला छत नव्हतं. आरमोरीच्या आठवडी बाजाराच्या कडेला चिंचेखाली एक सतरंजी, तिच्यावर काचेच्या बांगड्यांचे दोरे, आणि सतरंजीच्या एका कोपऱ्यावर बसवलेली त्यांची मुलगी अख्तरी. वाऱ्यानं सतरंजी उडू नये म्हणून हिला वजनासारखं ठेवलंय, असं बाबूभाई गिऱ्हाइकांना हसून सांगत. अख्तरीचं खरं काम मात्र वेगळं होतं. ती गिऱ्हाईक बाईशी बोलायची.

भाताच्या गावांतून बाजाराला येणाऱ्या बायांचे हात रोपांच्या रोवणीनं राठ झालेले असत. बोटांची पेरं फुगलेली, तळवा आखडलेला. अशा हातात काचेची बांगडी जोर करून चढत नाही. फुटते, आणि हातही कापते. म्हणून बाबूभाई आधी बाईची बोटं हलकेच दाबत, आणि अख्तरी विचारायची, घरी कोण कोण आहे, म्हैस व्याली का, पोरगी माहेरी आली का. बाई सांगायला लागली की तिचा हात आपोआप सैल पडे आणि बांगडी केव्हा मनगटावर गेली ते तिलाही कळत नसे. एकदा अख्तरीनं घरच्यासारखं हिंदीत विचारलं, तर ती बाई नुसती लाजून हसली आणि तिची मूठ आणखी घट्ट झाली. तेव्हा बाबूभाई म्हणाले होते, "उसकी बोली में पूछ बेटा. अपनी में मत पूछ."

ही मुलगी पुढे शिक्षिका झाली. पहिली नेमणूक मुलचेऱ्याकडे मिळाली, तिथे वर्गात अर्धी मुलं बंगाली वस्तीतली होती. ती मराठी पुस्तक समोर धरून गप्प बसत. अख्तरी बाईंनी आधी त्यांच्या आयांकडून मासे कसे निवडायचे ते शिकून घेतलं, आणि माशांच्या नावांपासून वर्ग बोलता झाला. बदल्या होत होत त्या आरमोरी तालुक्यातल्या मोहटोल्याला आल्या. तिथे अर्धं गाव झाडीबोली बोलणारं, आणि उरलेली अर्धी वस्ती, तिला टोला म्हणत, गोंडी बोलणारी. बाईंनी पन्नाशी जवळ आली तरी स्कूटर सोडली नाही आणि मोहटोलाही सोडला नाही. त्यांचा नवरा रईस याचं आरमोरीत शिलाईचं दुकान होतं. बायकोला तो कधीमधी म्हणे, की तुझ्या शाळेतली पोरं घरात आली तर मला दुभाष्या ठेवावा लागेल.

आता या भागातली एक परीक्षा सांगायला हवी, कारण सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. मोहटोला आणि भोवतालच्या दहा गावांनी मिळून चौथीच्या मुलांसाठी ती सुरू केली होती. सरकारी नव्हती, गावांची होती. जंगलाचे हक्क गावांना मिळाले, तेंदूपत्ता आणि बांबू ग्रामसभा विकू लागल्या, तेव्हा या अकरा गावांनी ठरवलं की परीक्षेत वर आलेल्या मुलांचं पुढचं शिकणं आणि आरमोरीतलं राहणं गावांनी करायचं. ज्याचा नंबर लागे त्याला पाचवीपासून चांगली शाळा मिळे. ज्याचा लागत नसे तो बहुतेक गुरांमागे जाई.

शंभर गुणांची परीक्षा होती. गणिताला चाळीस, इंग्रजीला वीस आणि मातृभाषेला चाळीस. भाषेच्या चाळिसातले वीस गुण तोंडी, आणि हे तोंडीचं काम पहिल्या वर्षी भांडून घालून घेतलं होतं अख्तरी बाईंनी. मुलानं उभं राहून स्वतः पाहिलेली एखादी गोष्ट सांगायची. घरी बोलतो त्या बोलीत. झाडीत, गोंडीत, बंगालीत, हिंदीत, कशातही. ती बोली जाणणारा परीक्षक दुसऱ्या गावाहून येई आणि मुलाला वाटेत थांबवून प्रश्न विचारे. या वीस गुणांनी मोहटोल्याच्या गोंडी टोल्यातली तीन मुलं आरमोरीला पोचली होती. त्यातली एक आता नर्सिंगला होती.

यंदा पावसाळा सरता सरता शेजारच्या गावच्या हेमराज सरांनी प्रस्ताव आणला. भाषेचे गुण वीस करा, तोंडी काढून टाका, इंग्रजीला चाळीस द्या.

हेमराज सर वाईट माणूस नव्हते, आणि हीच अडचण होती. तिशीतला, याच मातीतला मुलगा. नागपूरला शिकायला गेला तेव्हा 'मले-तुले' म्हणतो म्हणून वर्गानं त्याला हसून घेतलं, आणि पहिल्या मुलाखतीत समोरच्यानं इंग्रजीत नाव विचारलं तर याच्या तोंडून शब्द फुटला नाही. आपल्या पोरांवर ती वेळ येऊ नये म्हणून तो रविवारीसुद्धा शाळा उघडे. तो बोलू लागला की आईबाप माना डोलावत. बाईंनाही त्याचं अर्धं पटत होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी त्यांना झोप लागत नव्हती. तोंडी गेली, की मोहटोल्याच्या टोल्यातून वर जायची वाट बंद होणार होती.

निर्णय अकरा गावांच्या शाळा समितीचे अध्यक्ष घेत. शिक्षकांनी त्या बैठकीत बसायचं नाही, असा नियम होता. आणि दुसरा नियम ग्रामसभेतून आलेला: हात वर करून मोजणी करायची नाही. अकराही गावं हो म्हणतील तेव्हाच ठराव. एका गावानं नाही म्हटलं, की विषय पुढच्या बैठकीला.

मोहटोल्याचे अध्यक्ष होते गुणवंतराव. धिप्पाड, पांढऱ्या मिशांचे, चार बांध्यांचे, म्हणजे भातखाचरांचे, आणि चाळीस मतांचे धनी. त्यांचा नातू राजदीप आरमोरीच्या कॉन्व्हेंटात जाई, आणि टाय लावलेल्या त्या नातवाचं कौतुक गावात कुणाला चुकलं नव्हतं. बैठकीच्या आदल्या दिवशी बाई थेट त्यांच्या बांधीवर गेल्या. गुणवंतराव शेताच्या धुऱ्यावर बसून धानाची लोंबी चोळून पाहत होते.

"बाई, तुमी घरी हिंदी बोलता," ते वर न पाहता म्हणाले. "मंग मराठीसाठी येवढ्या काऊन भांडून राह्यल्या?"

"मराठीसाठी नाई भाऊ. पोट्टं घरी जे बोलते, त्याच्यासाठी."

"घरी तं पोट्टं शिव्याबी देते."

"त्याचे गुन मी देत नाई."

मिशीआड हसू आलं, पण गुणवंतरावांनी ते आत घेतलं. म्हणाले, दुनिया कुठी चालली ते पाहा, माझा राजदीप इंग्रजीत बेचे पहाडे म्हणतो, आणि तुम्ही पोरांकडून म्हशीच्या गोष्टी ऐकता. बाईंनी वाद घातला नाही. एवढंच मागितलं, की उद्या एकदा नाही म्हणा. दिवाळीनंतर गावची जत्रा, मंडई, भरते, तिथपर्यंत वेळ द्या. मंडईच्या दिवशी अकराही गावांचे पाहुणे मोहटोल्यात असतील, तेव्हा लोकांनी दोन्ही प्रकारची परीक्षा डोळ्यांनी पाहावी, आणि मग काय ते ठरवावं.

गुणवंतरावांच्या दोन्ही मुली बाईंच्या हाताखालून गेल्या होत्या. गुणवंतरावांनी हातातले दाणे फुंकले.

"एक डाव नाई म्हनतो. दुसऱ्या डावी माह्याजवळ येऊ नका."

दुसऱ्या दिवशी दहा गावं हो म्हणाली आणि मोहटोला नाही म्हणाला. विषय पुढे गेला. हेमराज सर स्कूटरपाशी येऊन बाईंना म्हणाले, की मंडईची अट मला मान्य आहे, माझी मुलं तयार आहेत. त्यांच्या आवाजात राग नव्हता, खात्री होती. ती खात्री बाईंना रागापेक्षा जड गेली.

मधल्या दिवसांत गावागावांत हाच विषय. पानठेल्यावर, धान कापणीला, पिठाच्या गिरणीवर. कुणी म्हणे, तोंडी म्हणजे फुकटचे गुण, बोलायला काय लागते. कुणी म्हणे, मग कोर्टात उभं राहून बोलून दाखव. त्यातच हेमराज सरांनी शहरातून छापील सराव पेपर आणून सगळ्या शाळांना वाटले. एक प्रश्न होता: वाघ कुठे दिसतो? जंगलात, प्राणिसंग्रहालयात, घरात की शाळेत? मागच्या हिवाळ्यात मोहटोल्याच्या शाळेमागे पंजे उमटले होते आणि शाळा कितीतरी दिवस बंद होती. मोहटोल्याच्या सगळ्या वर्गानं 'शाळेत' वर खूण केली. उत्तरसूचीप्रमाणे सगळे चुकले. गुणवंतरावांनी हे ऐकलं तेव्हा ते पोट धरून हसले आणि मग म्हणाले, चूक ते चूक. बाईंना कळलं, की हसवून हे गाव वळायचं नाही.

दिवाळीनंतर मोहटोल्याची मंडई भरली. घरोघरी पाहुणे, दारोदारी मोटारसायकली, गल्लीत जिलबीचा आणि उसाच्या रसाचा वास. रात्रीच्या नाटकासाठी शामियान्यात रंगमंच बांधला होता आणि मागे राजवाड्याचा पडदा आधीच सोडलेला होता. दुपारी दंडारीचा नाच आटोपला, लोक तसेच बसून राहिले, आणि त्या रंगवलेल्या राजवाड्यापुढे दोन्ही शाळांची मुलं उभी राहिली. पहिल्या रांगेत अकरा गावांचे अध्यक्ष, मांडीवर पानाचे डबे घेऊन.

हेमराज सरांची मुलं आधी. त्यांनी इंग्रजीत 'माझं गाव' म्हटलं. एकही चूक नाही, एकही अडखळणं नाही. सगळ्यांत खणखणीत आवाज रंजीता नावाच्या मुलीचा. तेल लावून घट्ट वेण्या, पांढरे मोजे, हात पाठीमागे. ती एकटी पुढे येऊन म्हणाली तेव्हा शामियाना टाळ्यांनी भरला. मागून कुणीतरी शिट्टी वाजवली. हेमराज सरांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता, आणि बाईंनाही टाळ्या वाजवाव्याच लागल्या, कारण पोरगी खरंच छान म्हणाली होती.

टाळ्या थांबल्यावर गुणवंतरावांनी पान गालात सरकवलं. गंमत म्हणून, केवळ गंमत म्हणून, त्यांनी विचारलं, "ते रिव्हर म्हनली ना तू? नदी? कोनती नदी वं ते?"

रंजीतानं सरांकडे पाहिलं. मग ताठ उभी राहिली आणि तिनं 'माझं गाव' पहिल्या ओळीपासून पुन्हा म्हणायला सुरुवात केली.

लोक हसले. आधी दोघेचौघे, मग सगळेच. रंजीता तिसऱ्या ओळीवर अडली. तिच्या मुठी वळल्या. ओठ आत ओढले गेले. हेमराज सर पुढे झाले आणि अर्ध्यातच थबकले. बाईंच्या शेजारी बसलेला रईस कुजबुजला, की झालं तुझं काम, आता गप्प बस, जिंकलीस.

बाई उठल्या. त्या आपला विजय पाहायला बसल्या असत्या तर कुणी काही म्हटलं नसतं. पण त्यांना ती घट्ट मूठ दिसत होती. त्या रंगमंचावर चढल्या, पोरीसमोर बसल्या, तिचा हात हातात घेतला आणि बोटं एकेक करून हलकेच दाबू लागल्या. पाठांतर नाही, परीक्षा नाही, नदी नाही.

"घरी कोन कोन आहे वं तुह्या?"

"माय," रंजीता पुटपुटली. "आजी. बाबा."

"बाबा काय करते?"

"नाटकात काम करते."

"कोनतं?"

"यम झालता मागच्या साली." मुठीची दोन बोटं सुटली. "मोठ्या मिशा लावल्या होत्या. गदा होती पुठ्ठ्याची."

बाईंनी नुसतं "मंग?" म्हटलं, आणि रंजीताला वाट सापडली. तिनं सांगितलं, की आजीचा दमा उठला, औषध कपाटात, कपाटाची चाबी बाबाजवळ, आणि बाबा तर यम होऊन रंगमंचावर. त्याच वेळी तो सावित्रीच्या नवऱ्याचा जीव घेऊन निघाला होता. माय पहिल्या रांगेतून उठली. सरळ रंगमंचाजवळ गेली. आणि म्हणाली, "त्याचा जीव मंग न्या, आधी चाबी द्या."

शामियाना कोसळतो की काय असं वाटलं. पण आताचं हसू वेगळं होतं, आणि रंजीतालाही ते कळलं. ती थांबली, हसू ओसरू दिलं, मग पुढे बोलली. तिला आता कुणी शिकवावं लागत नव्हतं. शेवटच्या रांगेतून एका म्हातारीनं विचारलं, "मंग यमानं चाबी देल्ली का?" रंजीता म्हणाली, "देल्ली. धोतराच्या गाठीतून काढून. अन् सावित्रीलेबी हासू आलं, तं तिचा नवरा मरता मरता उठून बसला." दुसऱ्यानं विचारलं, आजी बरी झाली का? "बरी हाय. ते पाहा, तिथीच बसली." ती आजी खरंच तिथे बसली होती, पदर तोंडाला लावून. तिच्या शेजारी रंजीताचा बाप, यंदाही यमच होणारा, मान खाली घालून लाल झाला होता आणि आनंदानं रडत होता.

मग जे झालं ते हेमराज सरांनी केलं, आणि बाई आजही ते आधी सांगतात. सर पुढे आले. पोरीसमोर तेही बसले. म्हणाले, "रंजीता, हेच इंग्रजीत सांग. पाठ नाई. जसं येते तसं."

रंजीतानं क्षणभर वर पाहिलं.

"माय फादर इज यम," ती सावकाश म्हणाली. "माय मदर सेड, गिव्ह की. यम गिव्ह की. ग्रँडमदर इज गुड."

व्याकरण काय असेल ते असो. शामियान्यातल्या ज्या माणसांना इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता, त्यांना त्या दिवशी इंग्रजी कळलं, कारण गोष्ट त्यांना आधीच माहीत होती. टाळ्या वाजल्या त्या पाठांतराच्या वेळेपेक्षा उशिरा सुरू झाल्या आणि बराच वेळ थांबल्या नाहीत. हेमराज सर तसेच गुडघ्यावर बसून होते. बाईंकडे पाहून एवढंच म्हणाले, "मले हे कोनी नाई विचारलं, बाई. शाळेत असताना. माह्या घरी कोन आहे म्हनून."

त्यानंतर मोहटोल्याच्या मुलांची पाळी आली. एकानं गोंडीत कोंबडा हरवल्याची गोष्ट सांगितली, आणि ज्यांना गोंडी येत नव्हती त्यांना शेजारच्यांनी भाषांतर करून सांगितली, तीही चुकीची, आणि त्यावरून तिथेच दोन म्हाताऱ्यांचं भांडण लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मोठ्या खोलीत अकरा अध्यक्ष बसले. बाहेर व्हरांड्यात बाई आणि हेमराज सर, एकाच बाकावर. खिडकी उघडी होती. हेमराज सरांनी रात्रीच आपल्या गावच्या अध्यक्षांना सांगून टाकलं होतं, की प्रस्ताव मागे घ्या. तरी गावांचं मन गावांनी बोलायचं असतं, शिक्षकांनी नाही. विषय मांडला गेला: भाषेचे चाळीस गुण, त्यातली तोंडी, आहेत तसेच राहू द्यावेत.

एकेक गाव हो म्हणत गेलं. हेमराज सरांचं गावही हो म्हणालं. बाई प्रत्येक हो बरोबर बाकाची कड थोडी सैल सोडत होत्या. दहा झाली. राहिला मोहटोला.

"मोहटोल्याचं नाई," गुणवंतराव म्हणाले.

बाईंनी बाकाची कड पुन्हा घट्ट धरली. दुसऱ्या डावी माझ्याजवळ येऊ नका, असं म्हणाला होता माणूस, आणि त्या गेल्याही नव्हत्या. हेमराज सर उठू लागले तर बाईंनीच त्यांना हात धरून बसवलं.

आत कुणीतरी चिडून विचारलं, की काल तर तुमीच सगळ्यांत जास्त टाळ्या पिटल्या, आज काय झालं?

"आहे तसेच काऊन राहावं?" गुणवंतरावांचा आवाज खिडकीतून स्वच्छ येत होता. "खोलीत दार लावून तोंडी घेता. एक परीक्षक ऐकते, बाकी गावाले काय मालूम? पोट्टं गावासमोर बोललं पाह्यजे. दरसाल मंडईले, ह्याच रंगमंचावर. अन् इंग्रजीच्या विसातले दहाबी तोंडीच पाह्यजे. पोपटपंची नाई, आपल्या घरचं सांगा. हे होत असन तं मोहटोल्याचं हो. नाई तं नाई."

मग एकदम सगळेच बोलू लागले. दर वर्षी तोंडी मोहटोल्यालाच काऊन, आमच्या गावाले काऊन नाई, यावरून वाद पेटला. वाद तोंडीचा राहिलाच नव्हता. तोंडी कुठल्या रंगमंचावर, एवढाच उरला होता. बाईंनी बाकाची कड सोडली. गावं आपल्या पोरांच्या बोलण्यासाठी एकमेकांशी भांडत होती, आणि असं भांडण त्यांनी आयुष्यात ऐकलं नव्हतं. शेवटी आळीपाळीनं अकराही गावांनी घ्यायचं ठरलं. अकरा हो झाले.

गुणवंतराव बाहेर आले ते चिडल्यासारखा चेहरा करून. पान थुंकून आले. बाई उभ्या राहिल्या, पण आधी तेच बोलले.

"अजून एक. माहा राजदीपबी बसन तोंडीले."

"तो तं आपल्या शाळेत नाई भाऊ," बाई म्हणाल्या.

"शाळेत नाई. गावात तं आहे?" मग आवाज उतरवून, कुणी ऐकत नाही असं पाहून ते म्हणाले, "काल राती मी त्याले म्हटलं, सांग एखादी गोष्ट घरची. तो म्हने, आजोबा, तुमीच सांगा, मी पाठ करतो."

बाईंनी हसू दाबलं नाही. गुणवंतरावांनीही या वेळी आत घेतलं नाही.

ते पायऱ्या उतरून गेले. बाहेर मंडईच्या दुकानांची पालं उतरत होती, पाहुणे पिशव्या बांधून निघाले होते, आणि शामियान्याच्या बांबूंवरून पोरं लोंबकळत होती. रईस स्कूटर घेऊन फाटकाशी थांबला होता. त्यानं दुरूनच हातानं विचारलं, काय झालं? बाईंनी दोन्ही हात वर केले. तो तिथेच उभा राहून टाळ्या वाजवू लागला, एकटाच, आणि फाटकाशी चाललेले पाहुणे थांबून त्याच्याकडे पाहू लागले.

हेमराज सर अजून बाकावरच होते. त्यांनी खिशातून पेन काढलं होतं.

"बाई, इंग्रजीची तोंडी," ते म्हणाले. "पहिला प्रश्न काय ठेवाचा?"

बाई पुन्हा बाकावर बसल्या. रईसला थांब म्हणून खूण केली, आणि पहिला प्रश्न काय असावा याचा दोघं मिळून विचार करू लागली.